नोंदीत न बसलेल्या बादल्या

मैसून बतायनाच्या टेबलावर एक पाटी असायची: ‘लिहिलेलं नसेल, तर झालेलंच नाही.’ पाटी तिनेच हौसेने करून घेतली होती. ऑफिसात कोणी "अहो, पण ते मागेच ठरलं होतं ना?" असं म्हणालं की बाई बोलायची नाही, नुसती पेनाच्या टोकाने पाटी ठोकायची. टक टक. समोरचा गप्प.

कंपनीचं काम पाण्याचं. म्हणजे पाणी नव्हे, पाण्याच्या वेळापत्रकाचं. आमच्या अम्मानमध्ये नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि वस्तीवस्तीचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरायच्या, धुणी काढायची, पोरांना पकडून न्हाऊ घालायचं, जिने धुवायचे. मग उरलेला आठवडा टाकीवर टिचकी मारून आत किती शिल्लक आहे ते कान लावून ऐकायचं. कुठल्या वस्तीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी बंद करायचा, आदल्या दिवशी लोकांच्या फोनवर निरोप कधी धाडायचा, हे सगळं पाणीखात्यासाठी या कंपनीचं सॉफ्टवेअर बघायचं.

मैसून तिथली मुख्य आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरची घडण ठरवणारी. हुशार बाई, यात वाद नाही. तिचा जीव होता तो निर्णयनोंदींवर. सॉफ्टवेअरची कुठलीही मोठी गोष्ट अशीच का केली आणि तशी का नाही केली, याचं एक पान. काय ठरलं, कशासाठी ठरलं, त्याने पुढे काय होईल. पान कधी खोडायचं नाही. निर्णय बदलला तर नवं पान लिहायचं आणि जुन्यावर शेरा मारायचा की आता तिकडे बघा. चांगली पद्धत आहे, मी नावं ठेवत नाही. पण मैसूनने त्यात स्वतःचा एक नियम घुसडला होता. नोंद कोणीही लिहो, तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय ती दप्तरी लागायची नाही. आणि बाईची नजर आधी भाषेवर जायची. वाक्य लांबलं, परत. कारण ‘घरगुती’ वाटलं, परत. शाळेतली वही तपासावी तशी ती चांगल्या मोठ्या इंजिनियरांची पानं लाल करून पाठवायची.

सर्वांत जास्त लाल व्हायची ती शाहेरची पानं. शाहेर सर्व्हर सांभाळायचा. बडबड्या गडी, हातात सदा चहाचा ग्लास, टेबलावर सूर्यफुलाच्या बियांच्या सालांचा ढीग. त्याच्या हाताखालचं यंत्र कधी झोपलं नाही, पण लिहायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. तो मैसूनला ‘इंजिनियरबाई’ म्हणायचा, आणि त्यात थट्टा किती आणि आदर किती हे तिला कधी नीट कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाहेरचे तपासनीस येणार असं ठरलं. नोंदींत जे लिहिलंय तेच प्रत्यक्षात चालू आहे का, हे ते बघणार होते. मैसूनला तर हर्षच झाला. तिने आधीच घरची पडताळणी काढली. एकीकडे नोंदी, दुसरीकडे क्लाउडवर खरोखर चालू असलेले सर्व्हर, आणि मध्ये ती, चष्मा सरसावून. एकेक जुळत गेलं. नोंदीत दोन तर चालू दोन. नोंदीत कुलूप तर प्रत्यक्षात कुलूप. तिला स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली. आणि मग एका कोपऱ्यात एक छोटासा सर्व्हर सापडला, ज्याचा कुठल्याच नोंदीत पत्ता नव्हता.

तिने तो बैठकीत मोठ्या पडद्यावर लावला. सगळे बसले होते, मालकसुद्धा.

"हा कोणाचा?"

"माझा," शाहेर म्हणाला. "चढाचा आहे तो. त्याला हात लावू नका."

"कुठला चढ?"

"तलअत अल-हमाम."

"नोंद कुठाय?"

"दिली होती."

"कोणाला?"

"तुम्हालाच की, इंजिनियरबाई."

"दप्तरात नाहीये. आत्ता सकाळी शोधलंय मी." मैसूनला आता जोर चढला होता. "एकतीस नंबरची नोंद काय सांगते? सगळ्या वस्त्यांचे व्हॉल्व्ह एकाच सर्व्हरने, ठरल्या वेळेला बंद करायचे. एकाच! आणि तू गुपचूप दुसरा बसवून मोकळा झालास. कशासाठी, ते तरी सांग ना सगळ्यांना."

शाहेरने तोंड उघडलं. एकदा सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि तोंड मिटलं. त्याचे कान लाल झाले होते.

"नोंदीत होतं कशासाठी ते," एवढंच तो म्हणाला.

"लिहिलेलं नसेल," मैसून म्हणाली आणि तिने पेनाने टेबल ठोकलं, टक टक, "तर?"

"झालेलंच नाही!" सगळ्यांनी शाळेतल्यासारखं एका सुरात म्हटलं आणि खसखस पिकली. मालकही हसले.

शाहेरने चहाचा ग्लास उचलला. "मग बंद करा," तो म्हणाला आणि उठून गेला. एवढा बोलका माणूस तीन शब्दांवर का थांबला, हा प्रश्न मैसूनला पडायला हवा होता. पडला नाही. तिला वाटलं, चोरी पकडली गेली, आता बोलणार काय?

तिने तो सर्व्हर त्याच दिवशी बंद केला आणि अहवालात लिहिलं: विनापरवाना बसवलेला, जबाबदार शाहेर, काढून टाकला, आता नोंदी आणि प्रत्यक्ष यांत तिळमात्र फरक नाही. मालकांनी खूश होऊन कुनाफ्याचं, पाकातल्या चीजच्या मिठाईचं, भलंमोठं ताट मागवलं. शाहेर खायला आला नाही. मैसूनने दोन तुकडे खाल्ले, आणि सांगायला लाज वाटते पण दुसरा जरा त्याच्या नावाने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बुधवार, चढाचा पाण्याचा दिवस. गुरुवारी सकाळी मैसून जागेवर बसते न बसते तोच दिमा धावत आली. लोकांच्या तक्रारींचे फोन दिमा घ्यायची.

"बाई, तलअत अल-हमामवर थेंब नाही पाण्याचा. फोनवर फोन येतायत. एका म्हातारीने मला माझ्या आजोबांपर्यंत शिव्या घातल्या."

"व्हॉल्व्ह उघडला नव्हता?"

"उघडला, वेळेवर. आणि बंदही झाला, अगदी वेळेवर."

"मग?"

"मग काय मग? खालच्या गल्ल्यांतल्या टाक्या भरल्याशिवाय वर पाणी चढतच नाही. वर पोचायच्या वेळेला आपण व्हॉल्व्ह बंद केला. शाहेरचा तो सर्व्हर तेवढंच तर करायचा. चढाचा व्हॉल्व्ह उशिरा बंद करायचा."

"हे तुला कोणी सांगितलं?"

दिमाने तिच्याकडे जरा विचित्र पाहिलं. "असं काय करता बाई? तुम्हीच तर वाचून दाखवलं होतंत आम्हाला. जेवताना."

आणि मैसूनला ते जेवण आठवलं. सगळं, घासन् घास. गुरुवारची मकलूबा होती, पातेलं ताटात पालथं घातल्यावर भात न मोडता उभा राहिला म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या. आणि मंडळी रंगात आलेली बघून तिने फोन काढला होता. "थांबा, आपल्या शाहेरने आर्किटेक्चरचा निर्णय कसा लिहिलाय ऐका." मग तिने त्याची नोंद नाटकातल्यासारखा आवाज काढून वाचली होती. "कारण: चढावरच्या घरांत पाणी उशिरा पोचतं, आणि माझी आई बादल्या घेऊन वाट बघत बसते." लोक गडाबडा हसले होते. "ही निर्णयनोंद आहे का आईला लिहिलेलं पत्र?" असं ती म्हणाली होती, आणि त्यावर आणखी हसले होते. शाहेरही हसला होता. त्यानंतर कित्येक दिवस ऑफिस त्याला ‘बादलीवाला’ म्हणत होतं.

नोंद तिने परत पाठवली होती. शेरा: कारण घरगुती आहे, नीट लिही. त्याने पुन्हा लिहून दिली, बादल्या तशाच ठेवून. तिने पुन्हा परत पाठवली. तिसऱ्यांदा त्याने दिलीच नाही. सर्व्हर मात्र बसवला, कारण पाणी तर चढवायचं होतं. आणि ती? तिला चेष्टा तेवढी ध्यानात राहिली. पाण्याचं ती साफ विसरून गेली. म्हणून तर बैठकीत तो गप्प बसला. आईचं नाव त्या टेबलावर दुसऱ्यांदा काढायची त्याची छाती झाली नाही. तिच्यापुढे झाली नाही.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मैसूनला झालं. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि सवयीने तोंडावर मारायला नळ सोडला, आणि पाण्याची धार बघून घाईघाईने बंद केला. त्या एवढ्याशा धारेचीही तिला लाज वाटली.

मग धावाधाव. तिने तो सर्व्हर परत चालू केला, पण आता चालू करून काय उपयोग? चढाचं पाणी दुसऱ्या वस्त्यांकडे वळलं होतं, आज त्यांचा वार होता. पाणीखात्याचा माणूस फोनवर म्हणाला, "वेळापत्रक तुमचंच आहे ना? त्यात नाही, मग मी कसं सोडू?" तिचीच पाटी त्याने तिला वाचून दाखवल्यासारखं झालं. टँकर धाडायचं बोलली, तर कळलं की त्या चढावर रस्ता नाहीच, नुसत्या पायऱ्या आहेत. टँकर खाली उभा राहतो आणि पाइप वरच्या घरांपर्यंत पोचत नाही. म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत त्या घरांत पाणी नाही, ऐन उन्हाळ्यात, आणि ते हिच्यामुळे. दुपारी शाहेरचा राजीनामा आला. तीन ओळींचा. त्यात भाषेची एकही चूक नव्हती.

फोन तो उचलेना. मालक म्हणाले, "जाऊ दे गं, दुसरा मिळेल." अहवालातलं ‘जबाबदार शाहेर’ तसंच होतं आणि मालकांना ते सोयीचंच होतं. मैसून तोंड उघडून काही बोलली नाही, आणि बोलली नाही याची तिला घरी गेल्यावर आणखी लाज वाटली. सोमवारी तपासनीस येणार, तो अहवाल वाचणार, आणि शाहेरच्या नावावर तो डाग कायमचा बसणार. आता राहायचं नाही, जायचं, असं तिने ठरवलं. पण एकटीने जायची हिंमत नव्हती. म्हणून शुक्रवारी नमाजानंतर ती अम्मो मुफ्लिहकडे गेली.

अम्मो मुफ्लिह म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. भांडण मिटवायला, मुलगी मागायला, माफी मागायला चार माणसं घेऊन दुसऱ्याच्या दारी जायचं, हा त्यांचा जन्माचा उद्योग. काळा झगा त्यासाठी कायम इस्त्री करून टांगलेला.

"खून झालाय का कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"नाही, अम्मो."

"पोरगी पळवली कोणी?"

"नाही हो."

"मग झगा कशाला काढायला लावतेस मला या उन्हात?"

तिने सांगितलं. जेवणासकट सांगितलं. म्हाताऱ्याने हातातली मण्यांची माळ बाजूला ठेवली.

"म्हणजे तू वस्तीचं पाणी तोडलंस."

"मी सर्व्हर बंद केला, अम्मो."

"पाणी तोडलंस," म्हातारा म्हणाला. "आणि वर त्याच्या आईवर हसलीस. नीट नाव दे त्याला. मी तिथे जाऊन सर्व्हर-बिर्व्हर बोलणार नाही."

मैसूनची मान खाली गेली. "पाणी तोडलं," ती म्हणाली.

निघताना त्यांनी बजावलं, "तिथे कॉफी येईल. फिंजान समोर राहू द्यायचा, उचलायचा नाही. मी मागणं घालीन. पोरगा ‘कॉफी घ्या’ म्हणाला, की समज दिली माफी. तोवर हात मांडीवर. कळलं?"

तिला कळलं होतं, लहानपणापासून बघितलेलं होतं. चढाच्या पायऱ्यांवर त्यांना बायका भेटल्या, खालच्या मशिदीच्या नळावरून डबे भरून वर नेणाऱ्या, दर वळणावर डबा टेकवून कंबर धरणाऱ्या. मैसूनच्या हातात बकलाव्याचा खोका होता, वर चमकी रिबीन. अर्ध्या वाटेवर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पाणी आणलं नाही. मिठाई आणली! खोका कुठे लपवावा हे तिला कळेना. तिने तो ओढणीखाली धरला.

दार शाहेरच्या आईने, उम्म शाहेरने, उघडलं. शाहेर मागे उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा दगड झाला, पण झगा घातलेला म्हातारा दारात असताना आत घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"या हज्जी, या. ये गं पोरी, बस," उम्म शाहेर म्हणाली. पोराने घरात काहीच सांगितलं नव्हतं, हे पहिल्या दोन वाक्यांत कळलं. "तू त्याच्या ऑफिसातली का? शाहेर सांगतो ना, एक बाई आहेत, फार शिकलेल्या, सगळं कसं नीट लिहून ठेवतात. त्याच का तू?"

मैसूनला ‘हो’ म्हणवेना. शाहेर भिंतीकडे बघत होता.

"पंख्याखाली बस. घराचा अवतार बघू नको हां, यंदा बुधवारी पाणीच आलं नाही. मी बादल्या लावून बसले होते मध्यरात्रीपर्यंत. नळ नुसता सूं सूं करत होता. म्हटलं, येईल, माझ्या पोराचंच तर खातं आहे ते." असं म्हणून ती हसली आणि आत गेली.

मैसूनला वाटलं, हिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हे.

कॉफी आली. सादी, वेलदोड्याची, फिंजानांत, म्हणजे छोट्या बिनकानाच्या कपांत. अम्मो मुफ्लिहनी आपला फिंजान घेतला, ओठाला न लावता समोर ठेवला, झगा सावरला आणि घसा साफ केला. मैसूननेही आपला फिंजान समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"बेटा शाहेर," म्हातारा म्हणाला, "आम्ही तुझ्या दारात आलोय, आणि आमचं एक मागणं आहे. ते पुरं झाल्याशिवाय ही कॉफी..."

"हज्जी," उम्म शाहेर मध्येच म्हणाली, "माफ करा मला, मोठ्यांचं बोलणं तोडते. पण आधी कॉफी घ्या. निवली तर दुसरी करून द्यायला पाणी नाही घरात. ड्रमच्या तळाचं होतं तेवढं घातलंय त्यात."

अम्मो मुफ्लिहचा हात हवेत तसाच राहिला. एवढ्या आयुष्यात त्यांनी कोणाच्या घरी होकाराआधी कॉफी प्यायली नव्हती. मैसूनने शाहेरकडे पाहिलं. ‘घ्या’ म्हणायला एक शब्द लागत होता. तो म्हणत नव्हता. त्याने हातांची घडी घातली होती आणि तो तिच्याकडेच बघत होता, आता तू काय करतेस ते बघू, अशा नजरेने.

कॉफी ठेवली असती तर रीत राहिली असती, आणि त्या घरातलं शेवटचं पाणी तिच्या माफीसाठी निवून गेलं असतं. प्यायली असती तर मागायचा हक्क संपला असता. मैसूनने फिंजान उचलला आणि प्यायली. कडू, गरम, एका घोटात सगळी. मग अम्मो मुफ्लिहनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि त्यांनीही आपला फिंजान उचलला.

"प्यायलात?" शाहेर म्हणाला. "मग आता मी काय द्यायचं राहिलं?"

"काही नको देऊ," मैसून म्हणाली. मग ती त्याच्या आईकडे वळली. "खाल्ती, मावशी, बुधवारचं पाणी मी तोडलं. शाहेरने नाही. त्याने ते तुमच्यापर्यंत चढवायची सोय करून ठेवली होती. मला लिहूनही दिली होती. मी त्याच्या लिहिण्यावर हसले, सगळ्यांना हसवलं, आणि कागद परत केला. आणि अहवालात लिहिलं की चूक त्याची."

"कशावर हसलीस?" उम्म शाहेरने विचारलं.

"आई, राहू दे," शाहेर म्हणाला.

"तुमच्यावर, खाल्ती," मैसून म्हणाली. "तुमच्या बादल्यांवर."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. रागावली नाही. बाहेर पायऱ्यांवर कोणीतरी डबा टेकवल्याचा आवाज आला.

"पुढच्या बुधवारी येईल ना पाणी?" शेवटी तिने विचारलं.

"येईल."

"लिहून ठेवलंस का कुठे?"

मैसूनने नकारार्थी मान हलवली. एवढ्या लाजेत, एवढ्या धावपळीत, तिने ते अजूनही लिहिलेलं नव्हतं.

तिने फोन काढला आणि तिथेच जमिनीवर बसून नोंद लिहायला घेतली. निर्णय: शाहेरचा. एकतीस क्रमांकाची नोंद रद्द, आता ही बघा. अहवालातला दोष माझा, मैसून बतायना. कारणापाशी येऊन तिची बोटं थांबली.

"सांग," ती शाहेरला म्हणाली.

"तुम्हाला पाठ आहे," शाहेर म्हणाला.

तिला पाठ होतं. लिहिता लिहिता ती मोठ्याने म्हणत गेली, नाटकाचा आवाज न काढता, "चढावरच्या घरांत पाणी उशिरा पोचतं, आणि माझी आई..." आणि पुढच्या शब्दावर ती अडखळली. कोणी हसलं नाही. तिने तो शब्द लिहिला, वाक्य पुरं केलं, आणि फोन शाहेरसमोर धरला. त्याने वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत.

"नोंद बरोबर आहे," तो म्हणाला आणि फोन परत दिला. माफीचं की राजीनाम्याचं त्याने नाव काढलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

उम्म शाहेर उठली, तिने मैसूनच्या पुढ्यातला फिंजान घेतला, अम्मोंचा घेतला आणि दोन्ही ताटात पालथे घालून ताट कोपऱ्यात सरकवलं. धुवायला पाणी नव्हतं.